आपल्या तंबूची नोंद कोण ठेवणार?

गिरगावात जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. मागच्या वर्षी ऑफिसच्या कामानं मुंबईला गेलो होतो. मीटिंग दुपारीच संपली, म्हणून चर्नी रोडला उतरून मुद्दाम तिथं गेलो. एका दुकानदाराला विचारलं, "काका, इथं आधी थिएटर होतं ना?" ते म्हणाले, "होतं म्हणतात. आमच्या वडिलांनी पाहिलेलं." मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? मी म्हटलं, महागाव, यवतमाळ जिल्हा. "अच्छा, आणि नाव?" नाव सांगितलं. "मराठी फार छान बोलता हो तुम्ही."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कॉलेजात, बँकेत, भाड्याचं घर शोधताना. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, म्हणून रागही धड येत नाही. एरवी मी हसून पुढे जातो. त्या दिवशी मात्र ते ऐकताना मी नेमका कुठं उभा होतो, ते मला माहीत होतं, आणि त्या काकांना माहीत नव्हतं.

त्या जागेवर मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१, शनिवार. त्या दिवशी तिथं 'आलम आरा' लागला, भारतातला पहिला बोलपट. पडदा बोलतो म्हटल्यावर गिरगावच्या रस्त्यावर एवढी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. पुढच्या वर्षी, १९३२ मध्ये, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. तो पहिला मराठी बोलपट, आणि तोही इथंच लागला. म्हणजे पडद्यावरची हिंदुस्थानी आणि पडद्यावरची मराठी, दोन्ही बहिणींचा जन्म एकाच छताखालचा.

१९७२ साली हे थिएटर पाडलं. नाव उरलं ते शॉपिंग सेंटरला. शिवाय केशवराव कोठावळे यांनी थिएटरजवळ पुस्तकांचं दुकान काढलं होतं, त्यालाही हेच नाव होतं. आज मराठी वाचकाला मॅजेस्टिक म्हटलं की पुस्तकंच आठवतात, हेही काही वाईट झालं नाही. पुण्यात मंडईजवळ १९१५ साली सुरू झालेलं आर्यन सिनेमा होतं. तिथं आज गाड्या लावतात आणि त्या वाहनतळालाही आर्यनच म्हणतात. थिएटर जातं, नाव पाटीवर उरतं. पण ते कुणी उभारलं, हे पाटीवर नसतं.

मॅजेस्टिक उभारणाऱ्यांपैकी एकाचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, अर्देशीर इराणी. 'आलम आरा'चे निर्माते-दिग्दर्शक, पारशी. दुसऱ्याचं नाव मी स्वतः इंजिनिअरिंग संपेपर्यंत ऐकलं नव्हतं. अब्दुलअली इसूफअली. जन्म १८८४, सुरतचे. या माणसानं १९०१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, सिंगापूरमध्ये बायोस्कोप दाखवायला सुरुवात केली. तंबू घेऊन तो सुमात्रा, जावा, ब्रह्मदेश, श्रीलंका फिरला. तेव्हाच्या फिल्मा फुटांवर विकत मिळायच्या, शंभर-दोनशे फुटांचे तुकडे, आणि असे चाळीस-पन्नास तुकडे जोडून एक खेळ व्हायचा. त्याचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद होता. आत हजारभर माणूस मावायचं. पुढं तो भारतात आला आणि इथंही अनेक वर्षं गावोगाव तंबू ठोकत फिरला. १९१४ मध्ये त्यानं इराणींबरोबर मुंबईतलं अलेक्झांड्रा थिएटर घेतलं आणि १९१८ मध्ये दोघांनी मॅजेस्टिक बांधलं. ज्या इंपीरियल फिल्म कंपनीनं 'आलम आरा' काढला, तिच्यातही तो भागीदार होता.

म्हणजे पहिला बोलपट ज्या भिंतींमध्ये पहिल्यांदा बोलला, त्या भिंतींमागं एका मुसलमान तंबूवाल्याची कमाई होती. आणि त्या चित्रपटाची माणसं पाहा. कथा जोसेफ डेव्हिडची. तो बेने इस्रायली ज्यू, आणि बेने इस्रायली म्हणजे आपल्या कोकणातले, घरात मराठी बोलणारे. नायक मास्टर विठ्ठल, मराठी माणूस. नायिका झुबेदा. सोबत पृथ्वीराज कपूर. भारतीय पडद्यावरचं पहिलं गाणं म्हटलं ते फकिराच्या भूमिकेतल्या वझीर मोहम्मद खान यांनी. झुबेदाच्या आईचं नाव फातमा बेगम. तिनं १९२६ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक ती. आपल्या मुलींच्या शाळेत प्रेरणादायी स्त्रियांचे तक्ते लावतात. फातमा बेगमचं नाव त्यात मी आजवर पाहिलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. "मुसलमानांचं महाराष्ट्राला योगदान काय?" असं कुणी विचारलं की आपल्याकडं एक यादी तयार असते. संत शेख महंमद. शाहीर अमर शेख. हमीद दलवाई. मग किल्ले, तोफा, सरदार. यादी खरी आहे, तिचा अभिमानही आहे. पण मला तिचा कंटाळा यायला लागलाय. एक तर हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, त्याला आपण उत्तर देत उभे राहिलेले हवे असतो. आणि दुसरं म्हणजे ही यादी मोठ्या माणसांची आहे. मोठ्या नावांवर कुणी राहतं का गावात? गावात राहतात मोटार वाइंडिंगवाले, शिंपी, पेंटर, गाडीवान, ड्रायव्हर. त्यांनी या भाषेत, या मातीत काय केलं याची नोंद कुणाकडं आहे? सरकारकडं नाही, विद्यापीठाकडं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याकडंही नाही. आपण ती ठेवली नाही, आणि काही वेळा तर आपल्याच हातानं टाकून दिली.

हे टाकून देणं कसं होतं, ते 'आलम आरा'वरूनच कळतं. या चित्रपटाची लांबी साडेदहा हजार फूट. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात, म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार चित्रं. त्यातलं एकही आज हलताना बघायला मिळत नाही. काही स्थिर छायाचित्रं आहेत, जाहिराती आहेत. चित्रपट नाही. २००३ मध्ये पुण्यात आग लागली तेव्हा अनेक जुन्या फिल्मा जळाल्या, त्यात हाही गेला, असं बरेचदा छापून येतं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर यांनी ते साफ नाकारलं होतं. हा चित्रपट संग्रहालयाकडं कधी आलाच नव्हता. १९६४ साली संग्रहालय सुरू झाल्यावर नायर स्वतः वृद्ध इराणींना भेटले होते. काही रिळं मुलाकडं असतील, असं त्यांना सांगण्यात आलं. मुलाकडून पुढं कळलं ते असं की, चांदी काढण्यासाठी ती रिळं केव्हाच विकली गेली. जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदीचा थर असतो. भंगारवाल्याला चित्रात रस नसतो, चांदीत असतो.

आणखी एक गंमत. 'आलम आरा'च्या प्रती ज्या यंत्रावर छापल्या गेल्या, ते बेल अँड हॉवेल कंपनीचं यंत्र अलीकडं मुंबईत सापडलं. यंत्र आहे, चित्रपट नाही. आमच्या धंद्यात बोलायचं तर कंपायलर सापडला, सोर्स कोड गेला.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. बॅकअप हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी, हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि तरी जे माझ्याकडून झालं ते इथं लिहितोय, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीचं बोलायचा मला अधिकार नाही.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, टूरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. घरात सांगायचे की दादांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. ते खरंच होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी यायच्या आणि दादा तांब्याची तार गुंडाळत बसायचे. पण त्याआधीची बारा-तेरा वर्षं कुठं गेली, हे कुणी बोलायचं नाही. २०१६ च्या रमजानमध्ये सहरीनंतर ते जागेच होते. मी सहज विचारलं, "दादा, तुम्ही वाइंडिंग शिकलात कुठं?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तंबू में."

त्या पहाटे ते चाळीस मिनिटं बोलले. मी फोनवर रेकॉर्ड केलं.

पाऊस थांबला, कापूस घरात आला, लोकांच्या हातात पैसा खुळखुळला, की तंबू निघायचा. पुसद, उमरखेड, महागाव, फुलसावंगी, आठवडी बाजार धरून मुक्काम. आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या उरुसात मोठा गल्ला व्हायचा. वीज नसायची. ऑइल इंजिन चालवून डायनामो फिरवायचा. प्रोजेक्टरमध्ये बल्ब नव्हता, दोन कार्बनच्या कांड्या होत्या, वरून तांब्याचा पातळ थर दिलेल्या. त्या एकमेकींजवळ आणल्या की मधे ठिणगी पेटायची आणि डोळे दिपतील असा पांढरा उजेड पडायचा. कांडी जळत जळत छोटी होते, म्हणून ऑपरेटरनं सतत तिच्याकडं बघत ती पुढं सरकवायची. लक्ष चुकलं की पडदा पिवळा पडतो आणि लोक शिट्ट्या मारतात. दादांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना संवेदना नव्हती. मला वाटायचं सोल्डरिंगनं भाजलं असेल. ते कार्बनचं होतं.

रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वर एक छोटा ठिपका उमटतो, तो बघून दुसरं रीळ तयार ठेवायचं. दादा म्हणाले होते की पुढं आयुष्यभर घरच्या टीव्हीवर पिक्चर बघतानाही त्यांची नजर त्या कोपऱ्यात जायची. फिल्म तुटली की ब्लेडनं कापायची, खरवडायची, सिमेंट लावून जोडायची आणि तोंडानं फुंकर मारून वाळवायची. तेवढ्या वेळात बाहेर बसलेला गाव शिव्या देत असायचा. इंजिन बिघडलं तर मेकॅनिक यायला दोन दिवस लागत, म्हणून ते स्वतःच खोलायला शिकले. डायनामोची गुंडाळी जळाली तेव्हा एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली ती भरायला शिकले. वाइंडिंगचं दुकान त्यातून आलं. दुकानातून अब्बांचं शिक्षण झालं, अब्बांच्या नोकरीतून माझं इंजिनिअरिंग. माझ्या डिग्रीचा माग काढला तर तो एका तंबूत जाऊन पोचतो.

आत बसायचं कसं, तेही त्यांनी सांगितलं. पुढं जमीन, मागं खुर्च्या. बायकांची बाजू वेगळी, मधे कापड. जमिनीवर कोण कुणाला खेटून बसलंय हे अंधारात दिसायचं नाही. गावात एका विहिरीवर न येणारी माणसं तंबूत एका सतरंजीवर यायची, आणि दिवे लागले की पुन्हा आपापल्या आळीला जायची. दादांनी हे काही मोठेपणानं सांगितलं नाही. उलट म्हणाले, "उजेड झाला की सगळं पूर्ववत." तंबू म्हणजे भाईचाऱ्याची शाळा होती असं मी इथं लिहिलं तर ते खोटं होईल. तीन तासांची सवलत होती. पण तेवढीही आज किती ठिकाणी मिळते?

२०१८ मध्ये दादा गेले. दफन झालं, तिसऱ्या दिवशीची फातिहा झाली, आणि मला त्या रेकॉर्डिंगची आठवण आली. मधल्या दोन वर्षांत मी दोन फोन बदलले होते. फोटो सगळे आले होते, क्लाउडवर होते. आवाजाच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्या मी घेतल्याच नव्हत्या. जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला होता, काही हजार रुपये सूट मिळाली होती. इराणींच्या मुलानं चांदीसाठी रिळं विकली, असं मी वर लिहिलंय. ते लिहिताना मला त्याच्यावर हसता आलं नाही.

वर जे सांगितलं, ते आता फक्त माझ्या डोक्यातलं आहे. दादांचा आवाज नाही, त्यांची भाषा नाही. ते अर्धं वऱ्हाडी मराठी, अर्धं आपलं घरचं हिंदुस्थानी बोलत. कुठल्या वाक्याला कोणती भाषा धरायची, हे त्यांचं त्यांना माहीत. तंबूच्या मालकाचं नाव त्यांनी सांगितलं होतं. मला ते आठवत नाही.

घरात हे कुणी का बोलत नव्हतं? दादींना विचारलं तेव्हा त्या चिडल्या. "वो भी कोई बताने की बात है?" सिनेमाचा पैसा. लग्नाच्या वेळी त्यांच्या माहेरी सांगितलं होतं की मुलगा मशीनचं काम करतो, आणि ते खोटंही नव्हतं. दादांनी तंबू सोडला तोही असाच. मोठ्या मुलीचं, म्हणजे माझ्या फुफीचं, लग्न जमवायची वेळ येईल तेव्हा लोक काय विचारतील, याचा विचार करून त्यांनी आधीच सोडला. दादींनी तंबूत कधी पाऊल टाकलं नाही. बारा-तेरा वर्षं त्या पैशावर घर चालवलं, आणि एकही पिक्चर बघितला नाही.

इथं काही वाचक म्हणतील, आणि माझ्या ओळखीतल्या दोघांनी तोंडावर म्हटलंय, की सिनेमा ही मुळात आपल्यात पसंत नसलेली गोष्ट, तिचा इतिहास कशाला उकरतोस? मदरशांचा लिही, वक्फच्या जमिनींचा लिही. ते लिहायलाच हवं, आणि लिहिणारे लिहितायत. पण एखादी गोष्ट जायज आहे की नाही, हा एक प्रश्न झाला. ती आपल्या माणसांनी केली की नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही तुमच्या उलेमांना विचारा, माझा त्यात अधिकार नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र खरंच द्यावं लागेल. माझ्या दादांनी पाच वेळची नमाज सोडली नाही आणि प्रोजेक्टरही चालवला. दोन्ही त्यांचंच आयुष्य होतं. त्यातलं एक पान फाडून उरलेलं आयुष्य शुद्ध म्हणून दाखवायचं, हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे असं मला वाटतं. आणि ते पान फाडल्यावर बाहेरचा माणूस म्हणतो, तुमचं इथं काय होतं, तेव्हा आपल्या हातात दाखवायला काही नसतं. मग आपण शेख महंमदांकडं धावतो.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. आज पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्त्या अडकतात, आणि तू जुन्या टॉकीजच्या गोष्टी सांगतोस. हे म्हणणं मला पटतं. ज्याची फी भरायची राहिलीय, त्यानं आधी फी भरावी. पण आपल्यातले बरेच जण संध्याकाळी तीन-तीन तास फोनवर काढतात, त्यात मीही आलो. त्यातल्या एका संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर फोन धरायला शिष्यवृत्ती लागत नाही.

मी आता काय करतोय, ते सांगतो. कुणाला उपयोग झाला तर झाला. पहिलं, तालुक्यात आणि आजूबाजूला जे थिएटर किंवा तंबूत काम केलेले लोक हयात आहेत, त्यांना भेटतोय. ऑपरेटरच नव्हे. डोअरकीपर, पोस्टर रंगवणारे, टांग्यात बसून भोंग्यावर खेळाची दवंडी देणारे, मध्यंतरात शेंगदाणे विकणारे. सगळे मुसलमान नाहीत, आणि नसायलाच हवेत. पण आपले किती निघतात हे बघून मी चकित झालो. हाताचं कसब, मशीन, रंग, ही कामं आपल्या मोहल्ल्यांत होती, म्हणून सिनेमाही आपल्या मोहल्ल्यांतून चालला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या टूरिंग टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. त्यातला एक तंबूवाला मोहम्मद आहे. मी तो बघितला तेव्हा दादा हयात होते. त्यांना दाखवायचा राहून गेला.

दुसरं, कागद. तंबूच्या सिनेमालाही परवाना लागायचा, मुंबई सिनेमा विनियमन अधिनियम १९५३ खाली. तो जिल्ह्याच्या पातळीवर मिळायचा. शिवाय प्रत्येक तिकिटावर करमणूक कर होता, त्याची रजिस्टरं होती, तपासायला निरीक्षक यायचे. म्हणजे कोणत्या गावात कोणता तंबू कोणत्या महिन्यात होता, किती तिकिटं फाटली, हे कुणीतरी शाईनं लिहिलेलं आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो जुना कर गेला. कर गेला की त्याच्या जुन्या रजिस्टरांची किंमत रद्दीएवढी होते. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात काय शिल्लक आहे, हे विचारायला माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो, दहा रुपयांच्या शुल्काचा. मी एक टाकलाय. तुमच्या जिल्ह्यात तुम्ही टाका. यात माझा जीव जरा जास्तच अडकलाय, कारण मालकाचं जे नाव मी विसरलो, ते एखाद्या परवान्यावर असू शकतं.

आणि तिसरं, आवाज. लिहून घेऊ नका, आधी आवाज घ्या. आपल्या भागातले लोक ज्या मिश्र बोलीत बोलतात, तिला शुद्ध मराठीत किंवा शुद्ध उर्दूत उतरवलं की निम्मं मरतं. "तंबू में" या दोन शब्दांत किती वर्षांची चोरी होती, ते मला कागदावर दाखवता येत नाही. आणि फाइल तीन ठिकाणी ठेवा. हे मी सांगतोय, ज्यानं एकाही ठिकाणी ठेवली नाही.

गिरगावच्या त्या काकांना मी त्या दिवशी यातलं काही बोललो नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं. फक्त एवढं म्हटलं की, काका, हे थिएटर अब्दुलअली इसूफअली आणि अर्देशीर इराणी या दोघांनी बांधलं होतं. त्यांनी नाव परत विचारलं. मी दोनदा सांगितलं. त्यांनी बिलबुकाच्या मागच्या पानावर ते लिहून घेतलं, "मुलाला सांगतो, तो नेटवर बघेल." इसूफअलीतला 'सू' ऱ्हस्व की दीर्घ, हे त्यांनी विचारलं. मी दीर्घ म्हटलं.

येत्या जुम्याच्या नमाजनंतर उमरखेडला जायचं आहे. तिथं ऐंशीच्या पुढचे एक चाचा आहेत, बारा वर्षांचे असताना तंबूत इंजिनात पाणी घालायच्या कामाला होते. कानांनी कमी ऐकतात, म्हणून त्यांच्या नातवाला सोबत बसायला सांगितलंय. त्यानं फोनवर विचारलं, "भाई, दादा क्या करते थे तंबू में?" मी म्हटलं, तूच विचार, मी फक्त रेकॉर्ड करतो.